बांधलेलं लाकूड

मराठीत घर बांधतात, होडी बांधतात, गाठोडं बांधतात आणि लग्नगाठही बांधतात. क्रियापद एकच. होडीच्या बाबतीत तर ते अगदी जागेवर बसतं. इंग्रजांनी ज्याला कॅटमरान म्हटलं तो मूळ तमिळ शब्द, कट्टुमरम. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी चार-पाच ओंडके दोरीने एकत्र आवळून समुद्रात नेत, त्यावर बसून मासे मारत. सतराव्या शतकाच्या शेवटी विल्यम डँपियर नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने ते पाहिलं आणि शब्द लिहून ठेवला. पुढे तो शब्द भलत्याच होडीला चिकटला. पॅसिफिक बेटांवरचे लोक दोन अरुंद नावा शेजारी-शेजारी ठेवून वर आडवे वासे टाकत आणि त्या जोडून घेत. अशा जोडनावेला युरोप-अमेरिकेत कॅटमरान म्हणू लागले. तमिळ कोळ्याला ती दाखवली तर तो 'हे आमचं नव्हे' म्हणेल. पण शब्दाचा अर्थ तिथेही खोटा ठरत नाही. लाकूड आहे, आणि ते बांधलेलं आहे.

गेलं दीड वर्ष आमच्या घरात रात्रीची जेवणं आटोपली की मी आणि माझा नवरा अशा जोडनावा बांधणाऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ बघतो. त्याला सुतारकामाची आवड आहे. मला का आवडतात ते पुढे येईल. कुणी इंग्लंडात घरामागच्या जागेत प्लास्टिकचा मांडव घालून बांधतंय, कुणी कॅनडात गाडीच्या शेडमध्ये. दोन्ही नावा अरुंद असतात, म्हणून हे जमतं. एक रुंद होडी घराच्या आवारात मावत नाही. पण दोन सडपातळ नावा एकामागून एक, वेगवेगळ्या करता येतात आणि शेवटी किनाऱ्यावर नेऊन जोडता येतात. एक नाव पुरी करायची, तिला भिंतीकडे सरकवायची आणि दुसरीला हात घालायचा. घरात एका मुलीचं लग्न झालं की दुसरीचं काढतात, तसं.

लहान आकाराच्या नावांची पद्धत साधारण अशी. प्लायवूडच्या पातळ, लांब फळ्या नकाशाबरहुकूम कापायच्या. कडेने भोकं पाडायची, त्यांतून तांब्याची तार ओवायची आणि पिळून दोन कडा एकमेकींना भिडवायच्या. म्हणजे शिवणकामच. तार ओवायला एक माणूस आत लागतो, एक बाहेर. कडा जुळल्या की सांध्यात आतून इपॉक्सी राळेची घट्ट लापशी भरायची, त्यावर काचेच्या धाग्यांची पट्टी चिकटवायची. ही राळ मोठी मानी वस्तू आहे. तिच्यात हार्डनर पडला की घड्याळ सुरू झालं. हातात मिनिटं मोजकीच, उन्हाळ्यात त्याहून कमी. जास्त कालवून डब्यात तशीच ठेवली तर स्वतःच्याच उष्णतेने तापते, धूर सोडते आणि डब्यातच दगड होते. म्हणून एकाने मोजून कालवायचं, दुसऱ्याने लगेच लावायचं. मोजणाऱ्याचं चित्त विचलित झालं तर राळ महिनाभर चिकटच राहते आणि मग सगळं खरवडून काढावं लागतं. त्यानंतर घासणं. मास्क लावून, डोक्याला फडकं बांधून, दिवसचे दिवस घासणं. माझा नवरा एकदा म्हणाला, हे नाव बांधण्याचे व्हिडिओ नाहीत, घासण्याचे आहेत.

या बहुतेक नावांचे नकाशे एकाच घरातून आलेले असतात. जेम्स व्हॅरम हा मँचेस्टरचा, १९२८ साली जन्मलेला. एरिक द बिशॉप नावाच्या फ्रेंच माणसाने हवाईत दुहेरी नाव बांधली होती आणि १९३७-३८ मध्ये ती फ्रान्सपर्यंत हाकत नेली होती. त्याच्या पुस्तकाने व्हॅरम झपाटला. १९५४ मध्ये त्याने एसेक्समधल्या ब्राइटलिंगसी गावी साडेतेवीस फुटांची जोडनाव बांधली, 'टांगारोआ'. खर्च सुमारे दोनशे पौंड. १९५५ मध्ये ती फालमथहून निघाली आणि १९५७ मध्ये अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोचली. तिथे त्यांनी चाळीस फुटांची दुसरी नाव बांधली, 'रोंगो'. बर्नार मोइतेसिए हा पुढे फार गाजलेला फ्रेंच दर्यावर्दी तेव्हा तिथे होता, त्याने मदतीला हात लावला. १९५९ मध्ये 'रोंगो'ने उत्तर अटलांटिक पश्चिमेकडून पूर्वेकडे पार केला. कॅटमरानने तसं करण्याची ती पहिली वेळ. पैसा नसलेल्या, सुतारकाम न शिकलेल्या माणसाला बांधता येईल अशा नावांचे नकाशे विकणं हा मग व्हॅरमचा जन्मभराचा उद्योग झाला. २०२१ च्या डिसेंबरात तो गेला.

मी वरच्या परिच्छेदात 'त्याने बांधली' असं लिहून गेले, कारण सगळे तसंच लिहितात. 'टांगारोआ'वर तीन माणसं होती. जेम्स आणि त्याच्यासोबत रूथ मेर्सेबुर्गर आणि जुटा शुल्त्झे-रोनहोफ या दोन जर्मन तरुणी. त्रिनिदादला दुसरी नाव उभी राहत असताना जुटाच्या कडेवर तिथेच जन्मलेलं मूल होतं. जुटा १९६१ मध्ये वारली. रूथ अखेरपर्यंत या कामात राहिली, २०१३ मध्ये गेली. १९६९ मध्ये व्हॅरमने या सफरींवर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'टू गर्ल्स, टू कॅटमरान्स'. दोन मुली, दोन नावा. शीर्षकात दोघींना नावांच्या रांगेत मोजलंय आणि मोजणारा बाहेर उभा आहे.

इथे एक आडवळण घेते, कारण माझ्या नावाकडे बघून कुणीतरी ते मनात घेणारच. एखाद्या मुसलमानाने दोघींशी संसार मांडला की त्याची चर्चा होते, कायदा हवा असं ठरतं. इंग्रजाने तेच केलं की त्याला मुक्त वृत्तीचा दर्यावर्दी म्हणतात. मला दोन्हींत बाईचं भलं दिसत नाही, एवढं नोंदवून पुढे जाते.

१९७० च्या दशकात हॅनेके बून ही डच मुलगी त्यांच्यात आली. आज लोक ज्या नकाशांचं कौतुक करतात, ती हाताने काढलेली पायरीपायरीची चित्रं तिची आहेत. कुठली फळी कुठे बसते, कुठल्या हाताने काय धरायचं, दोरी कशी फिरते, हे न वाचता नुसतं बघून कळावं अशी. अलीकडच्या नावांवर रचनाकार म्हणून दोघांची नावं येतात, व्हॅरम आणि बून. तेवढं अंतर कापायला वेळ लागला, पण कापलं गेलं.

व्हिडिओंतही हे दिसतं. दिसत नाही, म्हणूनच दिसतं. कॅमेरा ज्याच्या हातात असतो तो चित्रात येत नाही. आणि कॅमेरा बहुतेक वेळा तिच्या हातात असतो. त्यामुळे बघणाऱ्याला दिसतो तो रंधा मारणारा, घासणारा, दाढीत भुसा अडकलेला नवरा. तिचा फक्त आवाज येतो. 'थांब, अजून एक इंच डावीकडे.' खाली प्रतिक्रिया येतात, काय जबरदस्त बांधतोय हा माणूस.

बांधण्याबद्दल अजून थोडं सांगते, कारण पुढे लागणार आहे. व्हॅरम-बून यांच्या बऱ्याच नावांत दोन्ही नावांना जोडणारे आडवे वासे बोल्टने पक्के केलेले नसतात, दोरीने बांधलेले असतात. आधीच्या नावांत लोखंड होतं, पुढे दोरी आली. कारण सोपं आहे. लाट दोन्ही नावांखालून एकाच वेळी जात नाही. एक वर उचलली जाते तेव्हा दुसरी खाली असते, दर लाटेला पिळ बसतो. बोल्ट हलत नाही, म्हणून तो ताण सगळा भोकाच्या कडेला येतो आणि तिथलं लाकूड चिरतं, चिरेतून पाणी आत जातं, लाकूड कुजतं. दोरी थोडी देते आणि परत घेते. आधी वाशावरून आणि नावेच्या कड्यातून वेढे घ्यायचे, मग त्या वेढ्यांच्या मधल्या जागेत आडवे वेढे देऊन आधीचे वेढे कंबरेत आवळायचे. हे आवळणंच महत्त्वाचं. वेढे कुणीही घेतं.

हे मला व्हिडिओतून कळलेलं नाही. मी ते माझ्या नानीच्या हातात पाहिलं आहे.

आमचं आजोळ वाघोटणच्या खाडीकाठी. आम्ही कोकणी मुसलमान. नानांनी उमेदीची वर्षं आगबोटीवर, इंजिनघरात काढली. परत आले ते पोटात आगबोटीची गरमी आणि हातात थोडे पैसे घेऊन. १९७१ च्या उन्हाळ्यात घरापुढच्या खळ्यात झापांचा मांडव घालून त्यांनी होडी बांधायला घेतली. उलांडीची होडी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ही जोडनावेची धाकटी बहीण. एकच अरुंद नाव, तिच्या एका अंगाला दोन वाकडे दांडे बाहेर काढलेले आणि त्या दांड्यांच्या टोकांना पाण्यावर तरंगणारं हलकं लाकूड बांधलेलं. तीच उलांडी. तिच्या आधाराने नाव कलंडत नाही. देवगड-मालवणकडे रापणीच्या होड्या तर फळ्यासुद्धा काथ्याने शिवलेल्या असत. शिवलेल्या नावा हिंदी महासागरात हजारभर वर्षं चालत आल्या. आता नौदलाने तशी 'कौंडिण्य' बांधवून घेतली, २०२५ च्या मे महिन्यात कारवारला ती ताफ्यात आली आणि सगळ्यांना त्या शिवणीची आठवण झाली.

नानांची होडी शिवलेली नव्हती, खिळ्यांची होती. आंब्याच्या फळ्या. गावचा सुतार चाळीस दिवस आला आणि त्याने फळ्यांना वळण देऊन सांगाडा उभा केला. बाकीचं दोघांनी. खिळा बाहेरून ठोकला की आतून त्याचं टोक वाकवून लाकडात बसवायला लागतं, नाहीतर तो सुटतो. नाना बाहेर, नानी आत. आंब्याच्या लाकडाच्या वासाने डोकं उठायचं, ती सांगायची, आणि प्रत्येक ठोका कानात नाही, दातात बसायचा. फटींत कापूस ठासला तिने, वर राळ आणि उंडीचं तेल तापवून ओतलं तिने. आणि दोरी तर सगळी तिचीच. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरायची, वर दगड ठेवायचे, महिने गेले की काढून दांड्याने कुटायची. तो वास ज्याने घेतला तो विसरत नाही. मग तंतू वाळवायचे आणि तळहातावर वळत बसायचं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण माणसाच्या हेक्यासाठी वापरतात, पण पीळ घालायला किती वेळ लागतो ते म्हणीत नाही. नानीच्या तळहातावर बोटांच्या मुळाशी शेवटपर्यंत गाठी होत्या. लहानपणी मी त्या मोजायचे.

दर पावसाळ्यात होडी वर ओढून उलांडी सोडून ठेवायची आणि श्रावणात परत बांधायची. आमच्या गावचे मुसलमानही हंगाम नारळी पौर्णिमेनेच मोजत. आमचे हिजरी महिने ऋतूंतून सरकत जातात, रमजान कधी थंडीत तर कधी वैशाखात. वाऱ्याचा हिशेब त्यांवर बसत नाही. तर पौर्णिमेच्या आधी चार दिवस नानी खळ्यात बसायची आणि उलांडी बांधायची. नाना दांडा धरायचे. धरायचे फक्त. वेढे आणि आवळणं तिचं.

लोक हसायचे, असं अम्मी सांगते. आगबोटीवरचा माणूस, मुंबईत खोली घेण्याऐवजी दारात होडी बांधतोय, तीही बायकोला हाताशी घेऊन. हजरत नूह अलैहिस्सलाम यांच्यावरही जाणारे-येणारे हसत होते, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. त्या किश्श्याबद्दल दोन गोष्टी मला पुढे कळल्या. कुराणात त्या जहाजाचं वर्णन करताना फळ्यांसोबत 'दुसुर' हा शब्द येतो. त्याचं भाषांतर बहुतेक ठिकाणी 'खिळे' असं मिळतं, पण अरबीच्या जुन्या कोशांत त्याचा दुसरा अर्थही आहे, खजुरीच्या तंतूंची दोरी, जिने जहाजाच्या फळ्या बांधतात. दुसरी गोष्ट अशी की नूह यांची बायको त्यांच्या सोबतीची नव्हती. कुराण तिचा उल्लेख वाईट उदाहरण म्हणून करतं. वाजात ते उदाहरण बायकांना बरेचदा ऐकवलं जातं. जिने आतून खिळे वाकवले तिच्यावर वाज झालेला मी ऐकलेला नाही.

नाना १९९४ च्या मे महिन्यात गेले. मी तेव्हा सातवी संपवून आजोळी होते, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. दोन्ही मामू मुंबईत नोकरीला, मासेमारी कुणालाच करायची नव्हती. होडी, जाळी आणि नंतर बसवलेलं छोटं इंजिन मिळून खाडीपलीकडच्या एकाने बत्तीस हजार सांगितले. तर वाटणी. शरियतचा हिशेब स्वच्छ आहे. मुलं असली तर विधवेला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. म्हणजे नानीला चार हजार, मामूंना अकरा हजार दोनशे प्रत्येकी, अम्मीला पाच हजार सहाशे. थोरल्या मामूंनी कागदावर मांडून वाचून दाखवलं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. नियम होता तो त्यांनी लावला.

नानी म्हणाली, आठवा हिस्सा कशाचा?

तिची बोली कोकणी, इथे सगळ्यांना कळावी म्हणून सरळ लिहिते. ती म्हणाली, "होडी दोघांची. अर्धी माझी. ती त्यांची कधी नव्हतीच, मग ती वाटायची कशी? त्यांची अर्धी आहे ती वाटा. तिच्यातला आठवा मला द्या."

सोळा आण्यांनी सांगायचं तर मामूंच्या कागदावर नानीला दोन आणे होते आणि ती नऊ आणे मागत होती. अठरा हजार. तसं झालं असतं तर मामूंचे हिस्से अर्धे झाले असते, आणि अम्मीचाही. पाच हजार सहाशेचे दोन हजार आठशे. त्या वर्षी अब्बांची कंपनी बंद पडली होती आणि आम्हा तिघा भावंडांच्या फिया भरायच्या होत्या. अम्मी काहीच बोलली नाही. रात्री मला जाग आली तेव्हा ती ओट्यावर एकटी बसलेली होती. सकाळी ती मामूंना म्हणाली, "अम्मा म्हणते तसं करा."

मामूंनी मौलवीसाहेबांना विचारायचं ठरवलं. मौलवीसाहेब म्हातारे, सालस. त्यांनी नानीला दाराआडून नाही, समोर बसवून विचारलं, हे सांगायला हवं. पहिला प्रश्न: पैसे कुणाचे होते? नानी म्हणाली, फळ्या आणल्या त्या माझ्या दोन पाटल्या मोडून, अकराशे आले होते. पाटल्या मेहेरमधल्या होत्या. दुसरा प्रश्न: काही लिहिलेलं आहे? नवरा-बायकोत काय लिहिलेलं असणार. गावच्या सुताराला बोलावलं. तो आला, बाकड्यावर बसायला नको म्हणाला, उभ्यानेच सांगितलं. "चाळीस दिवस मी होतो. सांगाडा माझा. बाकीची होडी या दोघांची. दोरीला तर बाप्याचा हात लागलेला मी पाहिला नाही."

मौलवीसाहेबांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, पाटल्या या बाईची मिळकत, ते कर्ज धरू, वाटणीच्या आधी अकराशे वेगळे काढा. उरलेल्याची वाटणी. हाताचं काम ही बायकोची खिदमत, तिचा मोबदला वाटणीत धरता येत नाही.

म्हणजे अकराशे, अधिक तीस हजार नऊशेचा आठवा हिस्सा. एकूण चार हजार नऊशे बासष्ट रुपये पन्नास पैसे. १९७१ सालच्या अकराशेंना जितकं सोनं येत होतं तितकं १९९४ मध्ये घ्यायला गेलं असतं तर होडीच्या किमतीला थोडंच कमी पडलं असतं. हे तिथे कुणी बोललं नाही. मी पुढे कॉलेजात असताना सोन्याचे जुने भाव काढून पाहिले.

आणि अजून एक गोष्ट मला फार उशिरा, मोरोक्कोतल्या बायकांच्या कायद्याबद्दल वाचताना सापडली. मालिकी परंपरेत एक जुना निवाडा सांगतात. हबीबा बिंत जुरैक नावाची बाई कापडावर नक्षी काढायची, तिचा नवरा कापडाचं काम करायचा, दोघांनी मिळून बरीच माया जमवली. नवरा गेला, वारसांनी सगळं ताब्यात घेतलं. हबीबा हजरत उमर यांच्याकडे गेली. त्यांनी निम्मं तिचं म्हणून आधी वेगळं काढलं आणि उरलेल्या निम्म्यात, मूलबाळ नसल्यामुळे, विधवेचा चौथा हिस्सा तिला दिला. निम्मं अधिक हिस्सा. नानीने खळ्यात उभं राहून मांडलेला तोच हिशेब. सोळाव्या शतकात मोरोक्कोच्या डोंगराळ भागात इब्न अर्दून नावाच्या काझीने शेतात राबणाऱ्या बायकांसाठी हाच मार्ग धरला. तिकडे त्याला 'कद्द व सिआया'चा हक्क म्हणतात, कष्टाचा हक्क. २००४ च्या तिथल्या कुटुंब कायद्यातही लग्नानंतर मिळवलेल्या मालमत्तेत दोघांचे कष्ट बघण्याची तरतूद आहे. आम्ही कोकणी शाफई, आमच्या मौलवीसाहेबांपर्यंत मालिकींचं हे पोचलेलं नसणार. पोचलं असतं तर त्यांनी मानलं असतं का? त्यांचा चेहरा आठवला की मला वाटतं, निदान रात्रभर विचार केला असता.

माझा नवरा हे सगळं ऐकून म्हणाला होता की काम मोजायचं कसं, हा प्रश्न उरतोच. खरं आहे. तासांवर मोजलं तर नानीचे तास सुताराच्या, नानांच्या कितीतरी पट निघतील, कारण सुंभ वळण्याला तासच तास लागतात. कौशल्यावर मोजलं तर सुतार वर येईल. पण दोन माणसं एका खिळ्याच्या दोन टोकांना असतात तेव्हा तो खिळा कुणी बसवला हे वाटता येत नाही. निम्मं-निम्मं म्हणणं हीच त्यातली कमीत कमी खोटी वाटणी आहे. व्हॅरम आणि बून नावापुढे हिस्से लिहीत नाहीत, नुसती दोन नावं लिहितात.

नानीने पैसे घेतले. भांडली नाही. मे संपत आला होता, होडी वर ओढलेली, उलांडी सोडलेली. तिने दांड्यांवरचा सगळा सुंभ गोळा केला, गुंडाळ्या केल्या आणि घरात नेऊन आपल्या खोलीच्या खुंटीला टांगला. थोरले मामू म्हणाले, अम्मा, होडी विकली त्यात दोरीपण आली. ती म्हणाली, दोरी खिदमत होती ना, तिला किंमत नाही. मग विकली कशी?

मामूंनी पुढे काही म्हटलं नाही.

घेणारा गाबीत श्रावणात आला. अम्मी आणि मी नानीला मुंबईला न्यायला गेलो होतो आणि ती 'होडी जाऊ दे, मग' म्हणत दिवस ढकलत होती. त्याने सोबत निळा नायलॉनचा दोर आणला होता. खळ्यात बसून तो आणि त्याचा पोरगा उलांडी बांधू लागले. नानी ओट्यावरून बघत होती. नायलॉन ताणला की लांबतो, भिजला की अजून लांबतो. त्यांनी भरपूर वेढे घेतले, गाठ मारली. पोराने दांड्याला लाथ घालून पाहिली, दांडा हलला. परत सोडलं, परत बांधलं. तिसऱ्यांदा ती उठली.

"झिला, सर."

ती खाली बसली. आधी दोर दोघांना धरायला लावून ताणून घेतला, पाणी मारून परत ताणला. मग वेढे घेतले, कमी घेतले, आणि मधल्या जागेतून आडवे वेढे देत, दर वेढ्याला पाय दांड्याला टेकवून, अंग मागे टाकून आवळत गेली. साठी उलटलेली बाई. दोन्ही दांडे, चारही सांधे. दुपारची नमाज मध्ये झाली, तेवढी उठली. पोराने परत लाथ घातली, होडी हलली, दांडा नाही.

गाबीत म्हणाला, मावशी, हे दर वर्षी सोडायचं आणि बांधायचं, मला दाखवून ठेवा. तिने दाखवलं. मग तो निघताना ती म्हणाली, माझी मजुरी?

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. ती करत नव्हती. सुताराचा रोज तेव्हा शंभर रुपये होता. त्याने कनवटीची शंभराची नोट काढून दिली, दोन्ही हातांनी. भरती चढत होती, बाप-लेकांनी होडी ढकलली. नानी ती वळणाआड जाईपर्यंत ओट्यावर बसून होती. नोट तिने मामूंना दाखवली नाही. अम्मीला दाखवली.